राखीव प्रभाग आणि पडताळणी : लिंगओळखीचे कायदे व स्त्रियांच्या जागा

जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ३१ डिसेंबर २०२० रोजी एक उमेदवारी अर्ज छाननीत बाद झाला. अर्ज अंजली गुरू संजना जान या तृतीयपंथी उमेदवाराचा होता आणि प्रभाग सर्वसाधारण स्त्रीसाठी राखीव होता. अर्जदाराने स्वतःला स्त्री म्हणवून अर्ज भरला होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचे म्हणणे असे की, उमेदवार तृतीयपंथी आहे, तृतीयपंथीयांसाठी या निवडणुकीत कोणत्याच प्रभागात आरक्षण नाही, सबब अर्ज नामंजूर. अर्ज मागे घेण्याची मुदत ४ जानेवारीला संपत होती आणि मतदान १५ जानेवारीला होते. नववर्षाच्या दुसऱ्याच दिवशी, २ जानेवारी २०२१ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी अधिकाऱ्याचा आदेश रद्द ठरवला आणि अर्ज स्वीकारण्यास सांगितले. १८ जानेवारीच्या मतमोजणीत अंजली पाटील या नावाने लढलेली ही उमेदवार निवडून आली.

स्त्रियांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर स्त्री म्हणून कोणी बसावे, या प्रश्नावर युरोप-अमेरिकेत दहा-पंधरा वर्षे रान उठले आहे. खानदेशात तो प्रश्न तहसील कचेरीतल्या छाननीच्या टेबलावर उभा राहिला आणि जेमतेम दोन दिवसांत निकाली निघाला. त्यावर मोर्चे निघाले नाहीत, गावात भांडणेही झाली नाहीत. म्हणून प्रश्न सोपा होता असे मात्र नाही.

छाननीच्या टेबलावर काय काय तपासले जाते ते पाहिले तर अडचण कुठे आहे ते कळते. ग्रामपंचायतीच्या उमेदवाराला अर्जासोबत कागदांची चळत लावावी लागते. मतदार यादीतील नोंद, थकबाकी नसल्याचा दाखला, दोनपेक्षा जास्त अपत्ये नसल्याचे घोषणापत्र, शौचालय वापरत असल्याचा कागद हे सगळे त्यात येते. राखीव जागा अनुसूचित जाती, जमाती वा इतर मागासवर्गासाठी असेल तर जातीचा दाखला लागतोच, शिवाय जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र किंवा त्यासाठी अर्ज केल्याची पोच लागते. या समितीपुढे पणजोबाच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत पुरावे काढावे लागतात. स्त्री-राखीव जागेसाठी मात्र स्त्री असल्याचा कोणताही वेगळा दाखला मागितला जात नाही. समोर बाई दिसते, नाव बाईचे असते, अधिकारी पान उलटतो. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. म्हणजे राज्यातील हे सर्वांत मोठे आरक्षण पडताळणीशिवाय, निव्वळ नजरेच्या भरवशावर चालते, आणि इतकी वर्षे ते सुरळीत चालले आहे. लिंगओळखीच्या कायद्यांनी डळमळीत केला तो हा भरवसा. एखाद्या ठिकाणी नजर पुरेनाशी झाली की तपासायचे कोणी, कशाने आणि कशासाठी, या तीन प्रश्नांभोवती सारा वाद फिरतो. स्त्री म्हणजे कोण, हा तात्त्विक प्रश्न त्यामागे असतोच. पण कायद्याला रोजच्या कामात तो तसा क्वचितच पडतो.

भारतातील कायद्याची वाट १५ एप्रिल २०१४ रोजी बदलली. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि ए. के. सिक्री यांनी दिलेल्या निकालात दोन गोष्टी होत्या. तृतीयपंथीयांना तिसरे लिंग म्हणून मान्यता मिळाली ही एक. दुसरी गोष्ट वृत्तपत्रांच्या मथळ्यांत मागे पडली, पण परिणामाने मोठी होती : व्यक्तीला पुरुष, स्त्री किंवा तिसरे लिंग यांपैकी आपली ओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. याच निकालाने तृतीयपंथीयांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास समजून आरक्षण द्यावे असेही सांगितले. सरकारी कागदावर त्याआधीही थोडी हालचाल झाली होती. निवडणूक आयोगाने २००९ मध्ये मतदार यादीत ‘इतर’ असा पर्याय दिला होता.

संसदेने २०१९ मध्ये पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा कायदा केला आणि तो १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. या कायद्याची रचना थोडी विचित्र होती. चौथ्या कलमाने स्वतःला जाणवणाऱ्या लिंगओळखीचा हक्क मान्य केला. पाचव्या-सहाव्या कलमांनी ‘पारलिंगी’ अशी ओळख देण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवले. तेव्हाच्या नियमांनुसार त्यासाठी प्रतिज्ञापत्र पुरेसे होते, वैद्यकीय तपासणी नको होती. सातव्या कलमाने मात्र स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रिया आणि वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला आवश्यक ठरवला. २०१४ च्या निकालाने तिन्ही दारे स्वतःच्या शब्दावर उघडली होती. २०१९ च्या कायद्याने मधले दार शब्दावर उघडे ठेवले आणि कडेच्या दोन दारांवर डॉक्टर बसवला. या विसंगतीवर तृतीयपंथी संघटनांनी तेव्हाच बोट ठेवले होते. प्रमाणपत्रासाठीचे राष्ट्रीय पोर्टल नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाले आणि भादलीची छाननी त्यानंतर महिन्याभराने झाली. कोणता कागद मागायचा हे त्या अधिकाऱ्याला कोणी सांगितलेले नव्हते. सरकारी वकिलांनीही खंडपीठापुढे साधारण हेच सांगितले की, माहिती व तरतुदींअभावी अधिकाऱ्याची अडचण झाली असावी. हा प्रामाणिकपणा दाद देण्याजोगा आहे.

खंडपीठाने २०१४ च्या निकालाचा आणि चौथ्या कलमाचा आधार घेतला. निकालाचा भर कागदावर नव्हता, निवडीवर होता. त्याच आदेशात एक हमीही नोंदली गेली. अर्जदाराने स्त्री ही ओळख निवडली आहे, यापुढे आयुष्यभर तीच राहील, लाभासाठी ती पुन्हा पुरुष ओळखीकडे वळणार नाही. अपवाद एकच : सार्वजनिक जीवनात तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र आरक्षण आले तर. या हमीत न्यायालयाची सावधगिरी दिसते. स्वतःच्या शब्दावर दार उघडायचे, पण शब्द एकदाच द्यायचा. राखीव जागेच्या दृष्टीने ही अट समजण्यासारखी आहे. तरीही ती पूर्ण पटत नाही, कारण स्वतःची ओळख ठरवण्याचा मूलभूत हक्क आणि ती कधीही न बदलण्याची लेखी हमी या दोन गोष्टी एका दावणीला नीट बांधल्या जात नाहीत. आदेश घाईचा होता आणि मतदान तोंडावर होते. पुढच्या प्रकरणांत या हमीचे वजन किती धरायचे हे न्यायालयांना ठरवावे लागेल.

भादलीचा निकाल किती वेगळा होता हे कटनीच्या आठवणीने कळते. मध्य प्रदेशातील कटनी शहराच्या महापौरपदाची जागा स्त्रियांसाठी राखीव असताना तेथे कमला जान ही तृतीयपंथी उमेदवार निवडून आली. लोकांनी भरभरून मते दिली. विरोधकांनी निवडणूक याचिका केली, आणि कमला जान पुरुष आहे या मुद्द्यावर निवड रद्द झाली. २००३ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयानेही ते कायम केले. त्या काळी कायद्याला दोनच लिंगे ठाऊक होती आणि दोहोंपैकी एकात कोंबताना जन्माचे शरीर हाच निकष हाताशी होता. कटनीत मतदारांनी ओळख स्वीकारली आणि कायद्याने नाकारली. भादलीत अधिकाऱ्याने नाकारली, कायद्याने स्वीकारली आणि मतदारांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. महाराष्ट्रात मधल्या काळात सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ या गावाने २०१७ मध्ये ज्ञानदेव कांबळे, म्हणजे गावाची ‘माउली’, यांना थेट सरपंच केले होते. जळगाव जिल्ह्यातच पुढे शमिभा पाटील यांना वंचित बहुजन आघाडीने २०२४ च्या विधानसभेसाठी रावेरची उमेदवारी जाहीर केली. गावाला माणूस ठाऊक असतो, त्यामुळे रकान्यात काय लिहिले याची फिकीर गाव फारशी करत नाही. शहरांतल्या वादात हा मुद्दा सहसा येत नाही.

आता दुसरी बाजू. ती पूर्ण ताकदीनिशी मांडल्याशिवाय हा विषय मांडला असे म्हणता येत नाही, आणि तिच्यासाठी जळगाव जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. राज्याची सरासरी ८९४ होती. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, जिल्ह्याचाच आकडा ८८० होता. काळी आई पिकत होती, केळीला भाव मिळत होता, सोनोग्राफी केंद्रे तालुक्याच्या गावी पोचली होती आणि मुली घटत होत्या. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा १९९४ पासून पुस्तकात होताच. ज्या मुली जन्मल्याच नाहीत त्यांना त्यांची ओळख कोणी विचारली नव्हती. यंत्राच्या पडद्यावर दिसलेले शरीर पाहून निर्णय झाला. ज्या जन्मल्या त्यांची शाळा पाळी आल्यावर सुटली, लग्न लवकर लागले, शेताच्या सातबाऱ्यावर नाव लागले नाही. स्त्रियांचे आरक्षण हे या साखळीची भरपाई करण्यासाठी आहे, असे म्हणणारा पक्ष म्हणूनच हट्टी ठरत नाही. त्याचा युक्तिवाद असा की, अन्याय शरीर पाहून होतो तर भरपाईही शरीर पाहूनच झाली पाहिजे. मुलगा म्हणून जन्मलेल्या, मुलगा म्हणून वाढलेल्या व्यक्तीने ही साखळी भोगलेली नसते. हा मुद्दा तृतीयपंथीयांच्या द्वेषातून निघालेला आहे असे गृहीत धरणे चूक आहे. अनेक स्त्रीवादी कार्यकर्त्या तो मांडतात.

त्याला उत्तर आहे आणि तेही अनुभवातले आहे. ज्या मुलाची चाल, बोलणे, हातवारे बायकी ठरतात त्याला घरातून हाकलले जाते. त्याची शाळा चिडवण्याने सुटते. वडिलांचे नाव सुटते आणि त्या जागी गुरूचे येते. न्यायालयीन कागदावरचे ‘अंजली गुरू संजना जान’ हे नावच तसे आहे. पुढे टाळी, मागणे आणि गुरूचा डेरा. हा छळ पुरुषाच्या वाट्याला पुरुष म्हणून येत नाही, बाईपण दाखवल्याबद्दल येतो. शरीर एक असले तरी शिक्षा बाईची मिळते, असे या पक्षाचे म्हणणे. दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे, आणि दोन्ही एकाच वेळी खरे असणे अशक्य नाही. ग्रामपंचायतीच्या प्रभागापुरते पाहिले तर तृतीयपंथीयांच्या बाजूचे पारडे जड वाटते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या रकान्यात ४०,८९१ जणांची नोंद झाली. स्त्रियांची संख्या पाच कोटींच्या वर होती. एवढ्या लहान समूहाने स्त्रियांच्या जागा बळकावल्या असे म्हणायला आकडे साथ देत नाहीत.

स्त्रियांच्या जागा बळकावल्या जातात हे मात्र खरे आहे. ते कसे, हे प्रत्येक तालुक्यात लोकांना ठाऊक असते. बाई सरपंच, सही बाईची, खुर्चीत नवरा. ‘सरपंचपती’ हा शब्द कोणत्याही कायद्यात नसताना गावोगावी फलकावर आणि लग्नपत्रिकेत छापला जातो. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाला या प्रकारावर उपाय सुचवण्यासाठी २०२३ मध्ये समिती नेमावी लागली. लाभाच्या योजनांतही तेच. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून लागू झाली आणि महिना १,५०० रुपये बायकांच्या खात्यात जाऊ लागले. १४ हजारांहून अधिक पुरुषांनी तो लाभ घेतल्याचे २०२५ मध्ये उघड झाले. या पुरुषांना स्त्री म्हणून जगायचे नव्हते, दीड हजार रुपये हवे होते. लुबाडणुकीसाठी लिंगओळखीच्या कायद्याकडे वाट वाकडी करण्याची गरज पुरुषांना पडत नाही, त्याहून सोप्या वाटा मोकळ्या आहेत. भादलीच्या आदेशातील हमी ज्या धोक्याकडे पाहून घेतली गेली तो धोका कल्पनेत आहे. सरपंचपती दर ग्रामसभेत हजर असतो.

जागा बदलली की हे गणित बदलते. प्रभाग ही कायद्यातली जागा आहे. तेथे कपडे बदलावे लागत नाहीत, झोपावे लागत नाही. तुरुंग, वसतिगृह, रुग्णालयाचा वॉर्ड, शौचालय, रेल्वेचा महिला डबा या खऱ्याखुऱ्या चार भिंती आहेत आणि तिथल्या स्त्रियांना भीती वाटते ती पुरुषी शरीराची.

महिला डब्याचे उदाहरण सर्वांत जुने. रेल्वे अधिनियम १९८९ च्या १६२ व्या कलमानुसार स्त्रियांसाठी राखलेल्या डब्यात जाणूनबुजून शिरणाऱ्या पुरुषाला दंड होतो आणि डब्यातून उतरवता येते. बारा वर्षांखालील मुलाला आईबरोबर बसता येते. मुंबईत पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली अशी फक्त स्त्रियांची गाडी सुरू केली ती गर्दीतल्या धक्क्यांपासून सुटका म्हणून. सुरत-भुसावळ पॅसेंजरच्या महिला डब्यात धरणगाव, पाळधी, जळगाव अशा स्थानकांवर भाजीच्या पाट्या, शाळेची दप्तरे आणि लेकुरवाळ्या चढतात. टाळी वाजवत मागत येणारे तृतीयपंथीही याच डब्यांतून फिरतात आणि बाया त्यांना ओळखून असतात. कुणी दहा रुपये देते, कुणी तोंड फिरवते, कुणी बाळाच्या डोक्यावर हात ठेवून घेते. कलमातला शब्द ‘पुरुष’ असा आहे. तृतीयपंथी प्रवाशाने कोणत्या डब्यात बसायचे याचे उत्तर त्यात नाही, आणि डब्यातल्या बायांनी ते उत्तर आपापसांत लावून घेतले आहे. अशी अलिखित तडजोड चांगली की वाईट यावर मतभेद होतील. मागणाऱ्याला डब्यात खपवून घेणे वेगळे आणि शेजारच्या बाकावर सहप्रवासी म्हणून बसू देणे वेगळे, हे तरी मान्य करावे लागते.

शौचालयाबाबत सरकारनेच दोन वेगळी उत्तरे दिली. २०१४ च्या निकालाने तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र शौचालये बांधावीत असे सांगितले. केंद्राच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाने २०१७ च्या मार्गदर्शनात म्हटले की, सार्वजनिक शौचालयांत त्यांना स्त्रियांचे वा पुरुषांचे, हवे ते वापरू द्यावे. पहिल्या उत्तराला पैसा लागतो, दुसऱ्याला मनाचा मोठेपणा. व्यवहारात दोन्ही बाजूला राहतात, कारण मुळात स्त्रियांसाठीच धड शौचालये नाहीत. मुंबईत ‘राईट टू पी’ ही मोहीम २०११ पासून चालली ती स्त्रियांना पैसे न देता लघवीची सोय मिळावी म्हणून. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना दोन-पाच रुपये, असा तो हिशेब होता. तालुक्याच्या बसस्थानकावर कडी नसलेले दार हाताने धरून उभी असलेली मैत्रीण हे दृश्य कुणालाही नवीन नाही. दारावर कोण पहारा देणार आणि काय तपासणार, हा प्रश्न इथे हास्यास्पद होतो. शौचालयात कसलीच पडताळणी शक्य नाही. आत एकेकाची खोली, दाराला कडी, दिव्याला वीज आणि नळाला पाणी असले की बहुतेक वाद तिथेच मिटतो. हा बांधकाम खात्याचा प्रश्न आहे आणि तो कायदेपंडितांकडे विनाकारण गेला आहे.

तुरुंगाचे तसे नाही. तेथे आतला माणूस बाहेर पडू शकत नाही, म्हणून पडताळणी कडक असणे भाग आहे. १८९४ च्या तुरुंग अधिनियमाच्या २७ व्या कलमाने स्त्री कैद्यांना पुरुषांपासून वेगळ्या इमारतीत किंवा वेगळ्या भागात ठेवायला सांगितले. तिसऱ्या कुणाचा विचार त्यात नव्हता. पुरुष बराकीत टाकलेल्या तृतीयपंथी कैद्याची काय गत होते हे सांगायला नको. उलट बाजूही आहे. स्कॉटलंडमध्ये जानेवारी २०२३ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरलेली आणि खटल्याच्या काळात स्वतःला स्त्री म्हणवू लागलेली व्यक्ती आधी स्त्रियांच्या तुरुंगात नेली गेली, आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत पुरुषांच्या तुरुंगात हलवावी लागली. अशा एका प्रकरणाने शंभर शांत प्रकरणे झाकोळली जातात. तरी त्या तुरुंगातल्या बायांची भीती खोटी ठरत नाही, कारण त्यांच्यातल्या कितीतरी जणी पुरुषी हिंसेतूनच तिथवर आलेल्या असतात. भारताच्या गृह मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये राज्यांना सल्ला दिला की, तृतीयपंथी कैद्यांसाठी वेगळा वॉर्ड आणि वेगळी स्वच्छतागृहे असावीत, मात्र त्यांना एकांतवासासारखे एकटे पाडू नये. मार्ग योग्य आहे. एकच तृतीयपंथी कैदी असलेल्या जिल्हा कारागृहात वेगळा वॉर्ड आणि एकांतवास यांत फरक कसा करायचा हे मात्र अधीक्षकावर सोडले आहे.

घराच्या चार भिंतींतल्या हिंसेबाबत मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये एक रेषा आखली. शस्त्रक्रियेने स्त्री झालेली व्यक्ती २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागू शकते, असे न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी ठरवले. त्या प्रकरणात शस्त्रक्रिया झालेली होती, म्हणून निकालही तेवढ्यावर राहिला. एकाच उच्च न्यायालयाच्या दोन आदेशांत राखीव प्रभागासाठी शब्द पुरला आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या दाव्यात शस्त्रक्रियेचा उल्लेख आला. विसंगती म्हणून यावर टीका करता येते. पण प्रत्येक जागेचे प्रयोजन वेगळे असल्याने निकषही वेगळा, असेही त्याकडे पाहता येते, आणि ते वाचन अधिक उपयोगी आहे.

शारीरिक क्षमतेच्या परीक्षांत निकषाचा कस लागतो. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या अर्जात २०२२ पर्यंत पुरुष आणि स्त्री असे दोनच पर्याय होते. आर्या पुजारी यांच्या तक्रारीवर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने तिसरा पर्याय देण्यास सांगितले. सरकार अडचणी सांगत उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने सरकारला खडसावले आणि तृतीयपंथीयांच्या शारीरिक चाचणीचे निकष २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत ठरवण्यास सांगितले. धावायचे किती, गोळा किती अंतरावर फेकायचा, हे ठरल्याशिवाय रकाना वाढवून उपयोग नव्हता. केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये एका पारलिंगी तरुणीला एनसीसीच्या मुलींच्या तुकडीत प्रवेश दिला होता, तो निर्णय आधार म्हणून सांगितला जातो.

खेळांत मात्र पडताळणीने स्त्रियांचाच बळी घेतला आहे. तमिळनाडूची धावपटू सांथी सौंदराजन हिचे २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेतील रौप्यपदक लिंगचाचणीनंतर काढून घेतले गेले. ओडिशाच्या द्युती चंदला २०१४ मध्ये संघातून वगळले. ती क्रीडा लवादाकडे गेली आणि २०१५ मध्ये संप्रेरकांच्या मर्यादेचा तो नियम स्थगित झाला. या दोघी पारलिंगी नव्हत्या. मुली म्हणून जन्मल्या, मुली म्हणून गरीब घरांत वाढल्या आणि जिंकल्या म्हणून संशयात सापडल्या. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने २०२३ मध्ये पुरुषी वयात येणे अनुभवलेल्या पारलिंगी स्त्रियांना स्त्री गटातून वगळले, आणि सप्टेंबर २०२५ पासून स्त्री गटातील खेळाडूंना एकदा जनुकचाचणी सक्तीची केली. शारीरिक ताकदीच्या स्पर्धेत शरीराचा निकष लावणे तर्काला धरून आहे. त्याची किंमत मात्र सर्व स्त्रियांना मोजावी लागते, हे सांगायला क्रीडा संघटना विसरतात. हाच निकष प्रभागाला लावला तर जात पडताळणीसारखी स्त्रीत्व पडताळणी समिती काढावी लागेल, आणि तिच्या दारात पहिल्यांदा उभ्या राहतील त्या मिशीची लव असलेल्या, आवाज घोगरा असलेल्या, केस कापलेल्या गावातल्या बाया.

ब्रिटनमधला वाद पुष्कळांनी शौचालयांचा म्हणून ऐकला आहे, पण त्यातला सर्वांत मोठा खटला सुरू झाला तो जागांच्या वाटपावरून. स्कॉटलंडच्या संसदेने २०१८ मध्ये सार्वजनिक मंडळांवर निम्म्या स्त्रिया असाव्यात असा कायदा केला आणि त्यात पारलिंगी स्त्रियांचाही समावेश केला. ‘फॉर विमेन स्कॉटलंड’ ही संघटना न्यायालयात गेली. ब्रिटनमध्ये २००४ च्या कायद्याने वैद्यकीय निदान व दोन वर्षे त्या ओळखीने जगल्याच्या पुराव्यावर लिंगमान्यता प्रमाणपत्र मिळते. ते असले तरी २०१० च्या समानता कायद्यातील ‘स्त्री’ म्हणजे जैविक स्त्रीच, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १६ एप्रिल २०२५ रोजी एकमताने दिला. पारलिंगी म्हणून होणाऱ्या भेदभावापासूनचे संरक्षण त्यांनी कायम ठेवले. म्हणजे मंडळावरच्या जागेसाठी प्रमाणपत्र असूनही नाही, आणि भादलीच्या प्रभागासाठी प्रमाणपत्राची विचारणाही न होता होय. उलट टोकाला अर्जेंटिनाने २०१२ मध्ये आणि आयर्लंडने २०१५ मध्ये केवळ स्वतःच्या घोषणेवर नोंद बदलण्याची मुभा दिली. ब्रिटिश निकालाची एक बाजू भारतात लागू पडत नाही. तिथे एकच समानता कायदा शौचालयापासून मंडळापर्यंत सर्वांना लागतो, त्यामुळे शब्दाचा अर्थ एकदाच आणि सगळीकडे तोच ठरवावा लागला. इथे रेल्वेचा कायदा वेगळा, तुरुंगाचा वेगळा, ग्रामपंचायतीचा वेगळा. विस्कळीतपणाचा हा एकमेव फायदा म्हणावा लागेल.

राहता राहिला भादलीच्या आदेशातला अपवाद, म्हणजे तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र आरक्षण. तसे झाले तर स्त्रियांच्या जागांवरचा वाद संपेल असे दोन्ही पक्षांना वाटते. कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना एक टक्का समांतर आरक्षण दिले. नोकऱ्यांच्या शेकडो-हजारो पदांत एक टक्का काढता येतो. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात. सात जागांचा एक टक्का कोणत्याही सोडतीत निघत नाही, आणि फिरत्या क्रमाने जिल्ह्यातील शेकडो ग्रामपंचायतींपैकी एखादीत जागा काढायची म्हटले तर त्या गावात तृतीयपंथी मतदार असेलच असे नाही. नामनियुक्ती हा दुसरा उपाय. तमिळनाडूने २०२५ मध्ये अपंग व्यक्तींसाठी स्थानिक संस्थांत तो कायद्याने आणला. महाराष्ट्रात नगरपरिषदांत स्वीकृत सदस्य असतात, पण त्यांना सभागृहात मतदानाचा अधिकार नसतो, आणि ग्रामपंचायतीत तीही सोय नाही. वेगळी जागा निघेपर्यंत तृतीयपंथी उमेदवाराला खुला प्रभाग किंवा स्त्री-राखीव प्रभाग असे दोनच पर्याय राहतात, आणि दुसऱ्या पर्यायात छाननीच्या दिवशी कोणता कागद पुरेसा धरायचा याचा निर्णय दर निवडणुकीत त्या त्या तालुक्यातील निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती येतो.